पाटे, यू-बोल्ट आणि खारी हवा

जुन्या मोटारीचा मागचा भार पेलणारा पाटा मोडला की गाडीचा मालक पाट्याला दोष देतो आणि मेकॅनिकही बहुधा नवा पाटा मागवतो. परंतु कोकण किनाऱ्यावर अशा गाड्यांची वर्षानुवर्षे दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचा अनुभव विचारात घेतला, तर पाटा आपणहून मोडल्याचे प्रसंग थोडे आणि त्याला धरून ठेवणारे लहान भाग आधी निकामी झाल्यामुळे तो मोडल्याचे प्रसंग अधिक, असे दिसते. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल, शॅकलच्या पिना, रबरी बुश आणि पाट्यांवरच्या क्लिपा हा सारा सरंजाम पत्र्याच्या एका डब्यात मावतो, पाट्यांच्या संचापुढे त्याची किंमत किरकोळ असते, आणि बहुधा याच कारणाने तपासणीत त्याची पाळी सर्वांत शेवटी येते. मालगुंडसारख्या गावात हा क्रम उलटा करावा लागतो, कारण तेथील हवा, माती आणि गाड्या वापरण्याची रीत या तिन्ही गोष्टी पोलादाच्या जाड तुकड्यांआधी त्यांच्या सांध्यांवर घाला घालतात.

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव म्हणून वाचकांना परिचित आहे. ते गणपतीपुळ्याला लागून, समुद्राच्या अगदी कडेला वसलेले आहे. निवळीकडून चाफे, जाकादेवीमार्गे येणारा चढउताराचा रस्ता असो किंवा रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने येणारा रस्ता असो, गाडीच्या बुडाला जांभ्याची तांबडी माती आणि समुद्रावरून येणारे क्षाराचे सूक्ष्म तुषार या दोन्हींचा लेप बसल्यावाचून राहत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हा लेप वाळत नाही आणि उरलेल्या महिन्यांतही क्षार हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळे तो पूर्ण कोरडा होत नाही. त्यात गावाकडे ठेवलेली जुनी गाडी बहुतेक काळ मांगरात किंवा पडवीशेजारच्या झावळांच्या छपराखाली उभी असते, चाकरमानी मालक गणपतीला किंवा मे महिन्यात येतो तेव्हा ती चालू होते, आणि परतताना तिच्या डिकीत हापूसच्या पेट्या भरल्या जातात. महिनोन्‌महिने निश्चल राहायचे आणि मग एकाएकी भरल्या बोजाने घाट चढायचा, ही दिनचर्या पाट्यांच्या सांध्यांना जितकी मारक ठरते तितकी शहरातली रोजची धावपळही ठरत नाही, असे म्हणण्यास जागा आहे.

या पट्ट्यात अजून अधूनमधून दिसणाऱ्या जुन्या गाड्यांत फियाट आणि तिचेच पुढचे नाव असलेली प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि महिंद्रची जीप या मुख्य होत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० ही १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची गाडी बाहेर पडू लागली आणि नाव बदलत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीला असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन पश्चिम बंगालातील उत्तरपारा येथे मे २०१४मध्ये थांबले. या दोन्ही मोटारींच्या पुढच्या चाकांना वेगळी रचना, म्हणजे पद्मिनीला गुंडाळीची स्प्रिंग आणि अ‍ॅम्बेसेडरला पीळ घेणारा दांडा, आणि मागे मात्र दोहोंना पाटे आहेत. जीपला तर चारही बाजूंना पाटेच आहेत.

पाट्यांची रचना वरवर साधी दिसते. सर्वांत लांब असलेल्या मुख्य पाट्याची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात, त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे रचलेले असतात, मधोमध आरपार गेलेला सेंटर बोल्ट त्यांना एकत्र धरतो आणि त्या बोल्टचे डोके एक्सलच्या बैठकीतील भोकात बसून एक्सल नेमका कोठे असावा हे ठरवते. आखूड पाट्यांची कमान लांब पाट्यापेक्षा मुद्दाम थोडी अधिक ठेवलेली असते, त्यामुळे सुटे असताना दोन पाट्यांत फट दिसते आणि बोल्ट आवळला की ती फट मिटून मुख्य पाट्यावर आधीच उलटा ताण चढतो, जेणेकरून बोजा आल्यावर त्याच्या वाट्याला येणारा ताण कमी व्हावा. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला पक्का जोडलेला असतो, तर मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला, कारण बोजाखाली कमान सपाट होत गेली की दोन डोळ्यांमधले अंतर वाढते आणि त्या वाढीला कोठे तरी वाट द्यावी लागते. या मांडणीत एक्सलला जागेवर धरणारे वेगळे दांडे नसतात. इंजिनाची ओढ, ब्रेकचा रेटा आणि वळणावरचा आडवा जोर हे सारे पाट्यांमधूनच, विशेषतः त्यांच्या पुढच्या अर्ध्या भागातून, सांगाड्यापर्यंत पोहोचते. म्हणून मागचा डोळा ढिला झाला तर गाडी आवाज करते, पुढचा ढिला झाला तर गाडी रस्ता सोडते.

अनुभवी कारागीर या साऱ्या भागांत यू-बोल्टला पहिले स्थान देतात. एक्सलवरून वळसा घालून पाट्यांच्या संचाला बैठकीशी आवळणारे हे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट प्रत्येक बाजूला दोन असतात आणि त्यांच्यावरची पकड हीच सेंटर बोल्टची खरी राखणदार असते. सेंटर बोल्ट आडवा जोर पेलण्यासाठी केलेलाच नसतो. तो जोर पाटे आणि बैठक यांच्यातील घर्षणाने पेलायचा असतो आणि ते घर्षण यू-बोल्टच्या ताणातून निर्माण होते. नट ढिले झाले की दोन गोष्टी एकदम घडू लागतात. एक म्हणजे सेंटर बोल्टवर कातर बसते आणि तो तुटला तर एका बाजूचा एक्सल मागे सरकतो, गाडी तिरकी चालू लागते आणि मागून पाहणाऱ्याला मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत नाहीत हे स्पष्ट दिसते. दुसरी गोष्ट अधिक लपून घडते: पाट्यांचा जो मधला भाग घट्ट आवळलेला असल्यामुळे वाकूच नये, तोच वाकू लागतो आणि तेथे तर बोल्टसाठी पाडलेले भोक असते, म्हणजे पोलाद सर्वांत कमी असलेली जागा. गॅरेजात आलेला मोडका पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून दुभंगलेला असला, तर पाट्याची जात शोधण्याआधी यू-बोल्टचे नट पान्याने हलवून पाहावेत, ही जुन्या माणसांची शिकवण या कारणाने बरोबर ठरते.

ढिलेपणा ओळखण्याची नेहमीची खूण म्हणजे नटाच्या किंवा बैठकीच्या कडेतून झिरपलेली तांबूस भुकटी. दोन पृष्ठभाग एकमेकांवर अत्यंत थोडे थोडे घासत राहिले की पोलादाचा चुरा गंजून ही भुकटी तयार होते. देशावर ही खूण लगेच नजरेत भरते, पण मालगुंडच्या परिसरात गाडीचे सारे बूडच तांबड्या मातीने माखलेले असते आणि गंज व माती यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे येथे बूड आधी गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन, पुसून, गाडी डांबरी रस्त्यावरून एकदोन दिवस फिरवून मग पुन्हा खाली पाहण्याची पद्धत पडली आहे. धुतलेल्या जागी जी तांबूस रेघ नव्याने उमटते ती मातीची नसते. घाईच्या गिऱ्हाइकाला हा उद्योग वेळकाढूपणा वाटतो, आणि त्याला समजावून सांगण्यात दुरुस्तीइतकाच वेळ जातो.

यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, हा नियमही गिऱ्हाइकाला क्वचितच पटतो. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणातूनच पकड टिकते. गंजाने आटे खाल्लेल्या बोल्टवर नट फिरवताना लावलेला बहुतेक जोर घर्षणात खर्ची पडतो, पाना घट्ट लागल्याचा भास होतो आणि प्रत्यक्ष पकड अर्धीसुद्धा मिळत नाही. खाऱ्या हवेवर उपाय म्हणून हौशी मालक स्टेनलेस पोलादाचे यू-बोल्ट करून आणतात. नेहमीच्या ए२-७० प्रतीचे स्टेनलेस ४५० मेगापास्कलच्या आसपास कायमचे ताणले जाऊ लागते, तर ८.८ प्रतीचा साधा बोल्ट ६४०पर्यंत तग धरतो, आणि शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांना चिकटून बसतात, असा हा न दिसणारा तोटा आहे. लोहाराकडून साध्या सळीला आच देऊन वाकवून घेतलेला बोल्ट हा तर नाइलाजाचा उपाय होय, जो गाडी घरापर्यंत नेण्यास पुरेसा असतो आणि त्यापुढे भरवशाचा नसतो. योग्य प्रतीचा नवा बोल्ट, आट्यांना हलके वंगण, चारही नट आळीपाळीने समोरासमोर आवळणे, नटाबाहेर दोनतीन आटे शिल्लक ठेवणे आणि शंभरएक किलोमीटर धावल्यावर गाडी परत बोलावून नट पुन्हा आवळणे, एवढे केले तर मागच्या पाट्यांच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त चुकवली जाणारी आहे, कारण नवे पाटे बैठकीत बसले, त्यांच्यावरचा रंग दबला, की पकड आपोआप थोडी उतरते आणि तोवर गाडी मुंबईला निघून गेलेली असते.

शॅकल आणि बुश यांचे दुखणे निराळे. डोळ्यात बसवलेला रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो; रबराचा आतला भाग पिनेला आणि बाहेरचा भाग डोळ्याला घट्ट धरून असतो आणि पाटा खालीवर होताना मधले रबर पीळ खाते. म्हणून पिनेचे नट गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवरच आवळायला हवेत. बॉडीखाली घोडी, म्हणजे टेकू, लावून टांगलेल्या गाडीचा पाटा पूर्ण खाली लोंबत असतो; त्या स्थितीत नट आवळले तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांतच फाटते. बुश निकृष्ट निघाले, दुकानदाराने फसवले, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ दुकानात नसून घोडीवर असते. गाडी चाकांवर टेकवून तिच्याखाली झोपून, कोपर वळवायलाही जागा नसताना नट आवळणे हे कष्टाचे काम आहे, एवढेच त्या चुकीचे स्पष्टीकरण देता येते.

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या बुडाला जळके ऑइल मारण्याची कोकणातली प्रथा बुशच्या बाबतीत अपायकारक ठरते. पत्र्याचा आणि पाट्यांचा गंज ती काही काळ रोखते हे खरे, परंतु इंजिनातून काढलेले खनिज तेल नैसर्गिक रबरात मुरते, रबर फुगते, मऊ पडते आणि डोळ्यातून बाहेर ओघळू लागते. शिवाय ब्रेकवर उडालेला थेंबही महागात पडतो. याउलट जुन्या जीपच्या धातूच्या बुशांना ग्रीस लागतेच, आणि निपलमधून नवे ग्रीस भरताना जुने, पाणी आणि क्षार मिसळलेले काळे ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर पडेपर्यंत पंप मारत राहावे लागते. म्हणजे एकाच गॅरेजात एका गाडीच्या डोळ्याला ग्रीस देणे हे कर्तव्य आणि शेजारच्या गाडीला तेच देणे हा अपराध, आणि हा भेद शिकाऊ पोराला पहिल्याच पावसाळ्यात शिकवावा लागतो.

अडकलेली शॅकलची पिन काढणे हा किनाऱ्यावरच्या कारागिराच्या धीराची परीक्षा पाहणारा भाग आहे. पिन, बुशची लोखंडी नळी आणि शॅकलला सांगाड्याशी जोडणारा हँगर हे तिन्ही गंजाने एकजीव झालेले असतात, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि बंद जागेत तो पाचरीसारखा दाबून बसतो. शांत पद्धत म्हणजे गंज सोडवणारे तेल दिवसातून दोनदा देत राहणे, मध्ये मध्ये हातोड्याचे हलके ठोके देणे आणि अखेरीस पिन हॅकसॉने कापून काढणे. झटपट पद्धत गॅसची ज्योत लावण्याची, आणि तिच्यात दोन धोके आहेत: पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्याच भागात असते, आणि पाट्याच्या डोळ्याला लागलेली लालबुंद आच त्या पोलादाचा कणखरपणा घालवते. सिलिकॉन-मँगेनीज पोलादाचा पाटा सुमारे ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवलेला आणि मग ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून चिवट केलेला असतो. त्याहून अधिक उष्णता मिळाली की तेवढा भाग मऊ पडतो आणि डोळा उघडू लागतो. पाटे गरम जस्तात बुडवून घ्यावेत म्हणजे गंजाची कटकट कायमची मिटेल, ही सूचनाही सुशिक्षित मालकांकडून येते. जस्ताची भट्टी ४५० अंशांच्या आसपास असते आणि तिच्याआधीच्या आम्लाच्या धुण्यात पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते, म्हणून ही सूचना नम्रपणे पण ठामपणे नाकारावी लागते. पाटे सुटे करून, तारेच्या ब्रशने घासून, रंगवून, मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस देऊन पुन्हा बांधणे एवढाच मार्ग उरतो. आणि सुटे करताना सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी संच व्हाइसमध्ये दाबून धरला नाही, तर दाबून मिटवलेली फट उघडताना पाटे उसळून हात फोडतात.

मागून खाली बसलेल्या गाडीला एक पाटा वाढवा, हे गॅरेजातले सर्वांत लोकप्रिय आणि बहुतेक वेळा चुकीचे निदान होय. पाट्यांचा ताठरपणा त्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या सरळ प्रमाणात, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढतो. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांचे सहा केले तर ताठरपणा पाचवा हिस्सा वाढतो. पण सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा पाटा घातला तर त्या पाट्याचा ताठरपणा सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो, आणि वजनाने हलक्या पद्मिनीच्या मागे टेंपोचा पाटा बसवला की डिकीत पेट्या नसतील त्या दिवशी मागची चाके खड्ड्यावर उड्या मारू लागतात. हा वाढीव जोर जातो कोठे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही. बंद पत्र्याचे खोके आणि बॉडी मिळूनच त्यांचा सांगाडा होतो आणि शॅकलचा हँगर अशाच पत्र्याच्या भागाला जोडलेला असतो. त्या खोक्यात शिरलेली वाळू, माती आणि क्षार कधीच बाहेर पडत नाहीत. वरून टुमदार दिसणाऱ्या गाडीचा हँगर टोच्याने दाबताच आत जावा, हे दृश्य या किनाऱ्यावर दुर्मीळ नाही, आणि अशा खोक्याखाली ताठर पाटा बसवणे म्हणजे पत्रा फाडण्याची तयारी करणे होय. प्रथम पत्रा, मग हँगर, मग बुश आणि शॅकल, त्यानंतर यू-बोल्ट आणि सर्वांत शेवटी पाटे, हा तपासणीचा क्रम याच कारणाने ठरतो. गाडीचे खाली बसणेही बऱ्याचदा शॅकल उलट्या बाजूला कलल्यामुळे किंवा बुश संपल्यामुळे आलेले असते आणि पाट्यांची कमान जागच्या जागी असते.

सुटे भाग मिळवण्याची वाट आता मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथवरून जाते. मूळ रबरी बुश मिळेनासे झाले की नायलॉनचे बुश कातून घेतले जातात. ते टिकतात, पण पीळ खात नाहीत, त्यांना फिरावे लागते, म्हणून त्यांची पिन गुळगुळीत आणि वंगण दिलेली असावी लागते आणि रस्त्याची थरथर ते सांगाड्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचवतात. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना व्हीए अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या गाड्या आता या वयात पोहोचल्या आहेत, त्यामुळे मूळ भागांची चौकशी वाढली आहे. मात्र अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे कायदाच तिला अधिक काळ उभी ठेवतो.

उभ्या गाडीचे पाटे राखण्याविषयी किनाऱ्यावरच्या कारागिरांत दोन मते आढळतात. टायर सपाट होऊ नयेत म्हणून गाडी घोडीवर चढवावी यावर एकमत आहे. मतभेद घोडी कोठे लावावी याबद्दल आहे. बॉडीखाली लावली तर पाटे पूर्ण खाली लोंबतात, शॅकल टोकाला जाऊन अडकते, सारे बुश एका बाजूला पिळलेले राहतात आणि गाडीचे सगळे वजन आधीच शंकास्पद असलेल्या पत्र्यावर येते; एक्सलखाली लावली तर पाटे चाकांवर असल्याप्रमाणेच भारित राहतात आणि बुश आपल्या नैसर्गिक स्थितीत. दुसरी पद्धत निःसंशय बरी, मात्र घोडी एक्सलच्या नळीखाली लावावी, यू-बोल्टच्या प्लेटखाली नव्हे, कारण बोल्टची टोके आणि आटे त्या प्लेटखालीच उघडी असतात आणि चेपलेल्या आट्यांवरून पुढच्या मे महिन्यात नट निघत नाही.